आपल्या तालुक्यात शूटिंग यावं म्हणून सरकारकडे काय मागायचं, कसं मागायचं आणि कधी

मी गेली वीसेक वर्षं वाई-सातारा पट्ट्यात लोकेशनचं काम करतो. म्हणजे मुंबईहून रेकीला आलेल्या लोकांना वाडे, घाट, शेतं दाखवायची, परवानग्या काढून द्यायच्या, लॉज बुक करायचे, गाड्या लावायच्या, आणि पहाटे चारला जेवणवाल्याला फोन करून उठवायचं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पोटाचा आहे आणि खूप जिव्हाळ्याचा पण आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. २००३ च्या ‘गंगाजल’मधला बिहार, २००४ च्या ‘स्वदेस’मधलं चरणपूर गाव, २०१० च्या ‘दबंग’मधलं लालगंज, हे सगळं पडद्यावर उत्तरेतलं दिसतं पण शूट झालंय आमच्या वाई-मेणवली भागात. कृष्णेचा घाट गंगेचा घाट म्हणून खपायचा. आता ‘पंचायत’ बघा, गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या फुलेराची, पण शूटिंग मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. म्हणजे यूपीचं गाव दाखवायचं काम जे पूर्वी आमच्याकडे यायचं ते आता दुसरीकडे पण जातंय. सबसिडी हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण रेकीला आलेला माणूस आता लोकेशन बघायच्या आधी ‘इथे रिबेट (म्हणजे खर्चातला परतावा) काय मिळतो’ विचारतो हे मी स्वतः कित्येकदा ऐकलंय, आणि दरवेळी माझ्याकडे द्यायला उत्तर नसायचं. म्हणून सरकारकडे परतावा मागायचा हा सगळा उद्योग सुरू केला. त्यातनं जे शिकलो ते सांगतोय, कोकण असो की खानदेश की विदर्भ, कुणालाही उपयोगी पडेल.

आधी नक्की काय मागतोय ते ठरवा

इथेच नव्वद टक्के निवेदनं चुकतात. लोक लिहितात ‘चित्रपटसृष्टीला चालना द्यावी’, आणि ते वाचून अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकात मिसळतो.

एक म्हणजे करमुक्त. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्याचा करमणूक कर त्यात गेला, त्यामुळे आता सिनेमा करमुक्त करणं म्हणजे तिकिटावरच्या जीएसटीतला राज्याचा वाटा परत देणं. यात फायदा तिकीट काढणाऱ्याचा, शूटिंग वाईत झालं की बँकॉकला याच्याशी काही संबंध नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं मराठी चित्रपट अनुदान, ज्यात समिती सिनेमा बघून दर्जा ठरवते आणि अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख असं मिळत आलंय. चांगली योजना आहे, मराठी सिनेमाला तिची गरज आहे आणि ती राहायलाच पाहिजे. पण ती भाषा आणि दर्जा बघते, तुमच्या तालुक्यात किती खर्च झाला ते बघत नाही.

तिसरं, जे आपल्याला हवंय: इथे केलेल्या खर्चावर काही टक्के परत. कुठल्या भाषेचा सिनेमा, चालला की पडला, काही विचारू नका, फक्त इथल्या माणसाला बिलावर पैसे दिले का ते बघा आणि त्याचा ठरलेला हिस्सा परत द्या. निवेदनात हे एक वाक्य स्पष्ट असेल तर पुढचं निम्मं काम होतं. अनुदान वाढवा ही मागणी यात घालू नका, ती दुसऱ्यांची लढाई आहे आणि दोन्ही एकत्र केल्या की दोन्ही अडकतात.

वही घाला

मंत्रालयात भावनेवर फाईल हलत नाही, आकड्यावर हलते. आणि तालुक्याचा आकडा कुणाकडेच नसतो, सरकारकडेही नसतो, तो तुमच्याकडे असतो, फक्त विखुरलेला. लॉजवाल्याच्या रजिस्टरमध्ये, जेवणवाल्याच्या डायरीत, गाडीवाल्याच्या ट्रिपशीटमध्ये, ग्रामपंचायतीच्या पावतीबुकात. ते सगळं एका वहीत आणायचं.

प्रत्येक युनिटमागे एक पान करा. किती दिवस, बाहेरची माणसं किती, स्थानिक किती घेतली, खोल्या किती, गाड्या किती, वाड्याचं किंवा शेताचं भाडं किती, ज्युनिअर आर्टिस्टना रोज काय दिला, जनरेटर कुठला होता, सुतार-रंगारी इथले की मुंबईचे. पैसे रोख मिळाले की बँकेतून हे वेगळं लिहा, कारण पुढे बिलावरच सगळं ठरणार आहे.

नमुन्याला एक हिशोब करून दाखवतो, आकडे फक्त समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. युनिट १२० जणांचं, २५ दिवस. ६० खोल्या रोज १५०० ने, झाले साडेबावीस लाख. जेवण १५० माणसांचं, दिवसाला माणशी ४५०, झाले १६ लाख ८७ हजार ५००. १८ गाड्या रोज ३००० ने, साडेतेरा लाख. ३० स्थानिक माणसं ७०० रोजाने, सव्वापाच लाख. वाड्याचं भाडं रोज २० हजार, पाच लाख. बेरीज ६३ लाख १२ हजार ५००, आणि यातला एकही रुपया कलाकाराच्या मानधनाचा नाही, सगळा गावात वाटला गेलेला. यावर २० टक्के परतावा मागितला तर सरकारला १२ लाख ६२ हजार ५०० द्यावे लागतील. असा कागद समोर ठेवला की बोलणं एकदम बदलतं.

अजून एक, जे लोक टाळतात. त्रासाचीही नोंद ठेवा. रस्ता किती तास बंद होता, कुणाच्या उसात गाडी घातली, घाटावर किती प्लास्टिक राहिलं, कुणाचे पैसे बुडाले. माझ्या ओळखीच्या एका जेवणवाल्याचे एका युनिटने शेवटच्या नऊ दिवसांचे पैसे दिलेच नाहीत, त्याने बायकोचे दागिने ठेवून किराणावाल्याचं भागवलं. हे लपवून मागणी केली तर उद्या कुणीतरी विधानसभेत तेच काढेल, त्यापेक्षा आपणच सांगायचं आणि उपाय पण आपणच मागणीत घालायचा (तो खाली येतोच).

सिरीयलला विसरू नका

सगळे सिनेमाच्या मागे असतात, पण गावाला जगवते ती सिरीयल. सिनेमा २५ दिवसात पॅकअप करून जातो, सिरीयल चालली तर दोन-तीन वर्षं राहते. कोल्हापूरजवळच्या वसगडेतल्या वाड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’ शूट व्हायची, लोक लांबून लांबून तो वाडा बघायला यायचे. आमच्या साताऱ्यात ‘लागिरं झालं जी’ झाली. सिरीयल आली की दूधवाला, लॉन्ड्रीवाला, भाड्याने घर देणारे, शाळेची सुट्टी बघून येणारी मुलं, मेकअप शिकलेली गावातली पोरगी, सगळ्यांना महिन्याचा पगार बांधल्यासारखा असतो, आणि एकदा गावातली माणसं तयार झाली की पुढच्या युनिटला मुंबईहून कमी माणसं आणावी लागतात.

आणि सिरीयल किती पटकन उठून जाते तेही बघितलंय आपण. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग थांबलं तर काही दिवसात मालिका गोव्याला, हैदराबादला गेल्या, मग मे महिन्यात गोव्याने परवानग्या थांबवल्या तर तिथूनही हलल्या. तेव्हा कारण आजारपणाचं होतं, पण सेट आठवड्याभरात हलतो हे सगळ्यांना दिसलं. म्हणून मागणीत सिरीयल आणि वेबसिरीजसाठी वेगळा तक्ता हवा, पूर्ण झालेल्या सिनेमासारखं शेवटी नाही तर दर तीन किंवा सहा महिन्यांच्या खर्चावर परतावा, आणि जास्त काळ राहिलात तर टक्का थोडा जास्त.

दुसऱ्यांनी काय केलं ते वाचा, चुकांसकट

केंद्राने राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये ‘चित्रपटस्नेही राज्य’ असा पुरस्कार ठेवला होता. २०१५ गुजरात, २०१६ उत्तर प्रदेश, २०१७ मध्य प्रदेश, २०१८ उत्तराखंड, २०१९ सिक्कीम, २०२० परत मध्य प्रदेश. १९१३ मध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ जिथे काढला, १९१७ मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ मध्ये तिथेच प्रभात सुरू झाली, त्या राज्याचं नाव या यादीत नाही. हे वाक्य मी प्रत्येक निवेदनात टाकतो आणि ते प्रत्येक वेळी लागतं.

उत्तर प्रदेशचा ‘फिल्म बंधू’ बघा, शूटिंगवाल्यांना अनुदान आणि परवानग्या देणारी तिथली सरकारी संस्था. त्यांनी शूटिंगच्या दिवसांवर पायऱ्या ठेवल्या, निम्मे दिवस राज्यात केले तर अनुदानाची एक मर्यादा, दोन-तृतीयांश केले तर दुप्पट, आणि अवधी, भोजपुरी, ब्रज, बुंदेलीला जास्त टक्का. ही पायऱ्यांची कल्पना उचलण्यासारखी आहे. केंद्राची परदेशी निर्मात्यांसाठीची योजना पण बघा, नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ती ३० वरून ४० टक्क्यांवर नेली आणि वरची मर्यादा ३० कोटी केली. म्हणजे ‘झालेल्या खर्चावर परतावा’ हे तत्त्व दिल्लीने मान्य केलेलंच आहे, आपण नवीन काही मागत नाही, हे वित्त विभागाला सांगायला फार उपयोगी पडतं.

आता अमेरिका. जॉर्जिया राज्याने २००८ मध्ये २० टक्के आणि शेवटी राज्याचा लोगो दाखवला तर आणखी १० टक्के अशी करसवलत दिली, आज अटलांटा शूटिंगचं मोठं केंद्र आहे. पण तिथल्याच सरकारी ऑडिटने २०२० मध्ये सांगितलं की फायद्याचे आकडे फुगवून सांगितले जातात आणि तपासणी ढिली आहे. मिशिगनने त्याच २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंत दिलं, तिजोरीला झेपेना, २०११ मध्ये मर्यादा घातली आणि २०१५ मध्ये योजनाच बंद. यातनं मी काय घेतलं? टक्का मोठा मागू नका, टिकेल असा मागा. वार्षिक मर्यादा स्वतःच सुचवा. आणि ‘सरकारला सगळे पैसे करातून परत मिळतील’ असं कधीही लिहू नका, कारण तसे मिळत नाहीत, आणि वित्त विभागातल्या माणसाला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आपण रोजगार मागतोय, जसा एखादा कारखाना तालुक्यात यावा म्हणून सरकार सवलत देतं तसा, हे सरळ म्हणा.

मागणीचा कागद

एक पान. जास्तीत जास्त दीड. माझ्या कागदात काय असतं सांगतो:

- मुंबई, उपनगर आणि ठाणे सोडून बाकी जिल्ह्यांत झालेल्या खर्चावरच परतावा. याने मुंबईवाले थोडे नाराज होतात, पण तिथे शूटिंग असंही होतंच, गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून आहे. पैसा जिथे जात नाही तिथे जावा म्हणून योजना.
- खर्च फक्त बिल आणि बँकेतून दिलेला धरायचा. मोठ्या कलाकारांचं मानधन यात नाही.
- युनिटमध्ये ठरावीक स्थानिक माणसं घेण्याची अट, आणि ती नुसती गर्दीत उभी करायला नाही, प्रत्येक डिपार्टमेंटला शिकाऊ म्हणून एक-दोन तरी.
- परतावा सोडायच्या आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचं ना-देय पत्र: कुणाचे पैसे बाकी नाहीत, जागा साफ केली. जेवणवाल्याच्या दागिन्यांवरचा उपाय हा.
- अर्ज पूर्ण झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत पैसे. माझ्या मते सगळ्या यादीत हा मुद्दा सगळ्यात वरचा. निर्माता व्याजाने पैसे उचलतो, ३० टक्के तीन वर्षांनी मिळण्यापेक्षा १५ टक्के चार महिन्यांत मिळाले तर तो जास्त खूश असतो आणि दुसऱ्यांदा येतो.
- पाच वर्षांनी आढावा, आणि कुणाला किती दिले ते वेबसाईटवर.

एकटे जाऊ नका

मी पहिल्यांदा एकटाच निवेदन घेऊन गेलो, पोच घेऊन परत आलो, वर्षभर काही नाही. दुसऱ्यांदा लॉजवाले, गाडीवाले, दोन वाडामालक, ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारी एक ताई, आणि शेतात शूटिंग झालेले तीन शेतकरी असे गेलो तर बसायला खुर्च्या मिळाल्या. शेतकरी बरोबर हवेतच. संस्था नोंदवायची तर सात माणसं पुरतात, १८६० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होते. कोल्हापूरला मुख्य ऑफिस असलेल्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं पत्र मिळवा, मुंबईच्या कामगार फेडरेशनलाही विचारा, शूटिंग बाहेरगावी गेलं तर आपल्या माणसांचं काय ही त्यांची भीती असते, ती समोर बसून बोला.

रस्ता आणि वेळ

सुरुवात ग्रामसभेचा ठराव, मग नगरपालिकेचा. फुकट असतं आणि कागदाला वजन येतं. मग आमदार. आमदारांना ‘साहेब लक्ष घाला’ म्हणून उपयोग नाही, त्यांच्या पीएला तयार मजकूर द्या: तारांकित प्रश्नाचा (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) मसुदा, लक्षवेधी सूचनेचा मसुदा, छापून. प्रश्न असा हवा की खात्याला आकडा द्यावाच लागेल, ‘गेल्या पाच वर्षांत सातारा जिल्ह्यात किती चित्रीकरणांना परवानगी दिली, त्यातून किती शुल्क जमा झालं’ असा. हाच प्रश्न माहिती अधिकारातही टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, ३० दिवसांत उत्तर. तहसील, पोलीस, पाटबंधारे, वन, पुरातत्त्व सगळीकडे वेगळे अर्ज, कारण शूटिंगची परवानगी यातल्या प्रत्येकाकडे असते आणि एकत्र आकडा कुठेच नसतो.

पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समिती असते, तिथनं परताव्याचे पैसे येणार नाहीत, पण घाटावरची शौचालयं, पार्किंग, लाईटचं कनेक्शन अशा गोष्टी पर्यटनाच्या नावाखाली बसू शकतात, त्या वेगळ्या मागा.

खरं धोरण सांस्कृतिक कार्य विभागात ठरतं, अंमलबजावणी गोरेगावच्या चित्रनगरीवाल्या महामंडळाकडे, पर्यटन आणि उद्योग विभागाचा संबंध येतो, आणि शेवटी सगळं वित्त विभागाच्या अभिप्रायावर थांबतं. म्हणून प्रत सगळ्यांना द्या आणि प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक वहीत लिहा. फाईल कुठल्या डेस्कला आहे ते त्याच नंबरावर कळतं.

वेळेचं मी फार उशिरा शिकलो. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो म्हणून आम्ही फेब्रुवारीत धावत जायचो, तोपर्यंत खात्यांचे अंदाज कधीच वर गेलेले असतात. पाऊस संपता संपता, गणपतीच्या आसपास तुमचा कागद विभागात पोचलेला हवा. हिवाळी अधिवेशनात नागपूरला प्रश्न लागला तर उत्तम, आणि तेही हुकलं तर पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधे मागितलेली जादा तरतूद, असतात. एक शब्द पाठ करा, लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात त्या योजनेच्या खर्चाचं वेगळं खातं. नुसता जीआर निघून उपयोग नाही, योजनेला लेखाशीर्ष उघडलं का आणि त्यात तरतूद किती हे विचारा, टोकन म्हणजे नावापुरती तरतूद असली तरी चालेल, दार उघडलं ना.

‘शेतकऱ्याला द्यायला पैसे नाहीत आणि सिनेमावाल्यांना?’

हा प्रश्न येतोच, आणि तो चुकीचा नाही, चिडू नका. मी उत्तर देत नाही, बरोबरच्या शेतकऱ्याला बोलू देतो. आमच्यातले एक काका म्हणाले होते, साहेब, कांद्याचा भाव पडला त्या वर्षी शेतात बारा दिवस शूटिंग होतं, त्या भाड्यात पोरीची फी भरली. त्यानंतर त्या केबिनमध्ये कुणी तो प्रश्न परत विचारला नाही. आणि एक लक्षात आणून द्या की आधी खर्च, मग परतावा. शूटिंगच आलं नाही तर सरकारचा एक रुपया जात नाही.

तोपर्यंत बिनपैशाचं मागा

परताव्याला वर्षं लागतील. मधल्या काळात परवानग्यांचं बघा, कारण निर्माता पैशाइतकाच तारखेला घाबरतो. चित्रनगरीच्या महामंडळाची परवानग्यांसाठी एक खिडकी आहे, पण एएसआयचं (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं) स्मारक, रेल्वे, ड्रोन, प्राण्यांचा सीन याच्या परवानग्या केंद्राच्या, त्या वेगळ्याच निघतात. आम्ही काय केलं, तालुक्यातल्या ४० जागांची यादी केली: जागा कुणाच्या ताब्यात, परवानगी कोण देतं, किती दिवस लागतात, जनरेटर कुठपर्यंत जातो, पावसाळ्यात रस्ता राहतो का, देवस्थानाचे उत्सव कधी. प्रत्येक गावात एकच माणूस ठरवला ज्याच्याशी युनिटने बोलायचं, आणि भाड्याचे दर ग्रामसभेत ठरवले म्हणजे आयत्या वेळी कुणी अडवून पैसे वाढवत नाही. ते अडवणं बंद व्हायलाच पाहिजे, एकदा बदनामी झाली की ते युनिट दहा जणांना सांगतं.

आणि उद्या योजना आलीच, तर पहिला अर्ज करणाऱ्या निर्मात्याच्या मागे पूर्ण तालुक्याने उभं राहायचं. पहिली फाईल बिलाअभावी पडली तर पुढची दोन वर्षं कुणी अर्ज करत नाही. म्हणून आजपासूनच लॉजवाल्याला पक्कं बिल द्यायची सवय लावा, गाडीवाल्यांना करंट अकाऊंट उघडायला सांगा, ज्युनिअर आर्टिस्टच्या हजेरीवर रोज सही घ्या. आमच्याकडे नुकतंच एक युनिट येऊन गेलं, सतरा दिवसांचं, त्याचं पान भरून झालंय, फक्त दोन ट्रॅक्टरवाल्यांची बिलं यायची बाकी आहेत, ती उद्या जाऊन आणणार आहे.